ऑरेंजचा खुंट

पुनाजी उईकेनं आपला उजवा हात सदाशिवरावांना लिहून दिला, ही बातमी शहाण्णवच्या डिसेंबरात आमच्या तळेगावात सकाळी आठला निघाली आणि बसस्टँडला वळसा घालून दहाच्या आत माझ्या चक्कीवर परत आली. परत येईपर्यंत तिला एक स्टॅम्पपेपर, दोन साक्षीदार आणि आर्वीचा एक वकील येऊन चिकटला होता.

खरं एवढंच, की तो हात नव्हता, चाकू होता. लिहून दिला नव्हता, पैजेत हरला होता. साक्षीदारही दोन नव्हते, मी एकटीच होते. बातमी कुणी पसरवली म्हणून विचाराल, तर सदाशिवराव दळण न्यायला आले तेव्हा स्वतःच म्हणाले होते, "प्रमिलावैनी, पुनाजीचा चाकू नाई, हातच घेतला म्या." पुढच्या गिऱ्हाइकाला सांगताना मी त्यातला चाकू तेवढा गाळला. चक्कीवाली बाई आहे, वरून जे टाकाल ते दळून देते.

पुनाजी माझ्या चक्कीमागचा शेजारी. मधली भिंत एकच. इकडून चक्कीची घरघर, तिकडून पुनाजी आणि त्याची बायको जिजा. दोघं घरात बोलतात ते गोंडीत. भांडण सुरू झालं की मी चक्की बंद करते, भिंतीला कान लावते, आणि एक अक्षर कळत नाही. शेजारीण म्हणून जगणाऱ्या बाईला याहून मोठं दुःख नाही. एकदा न राहवून जिजाला म्हटलं, "अवं, भांडन तरी मराठीत करत जा ना."

ती म्हणाली, "वैनी, तुमच्याचसाठी तं गोंडीत करतो."

पुनाजी स्वतः कमी बोलतो. दिवसातून मोजकी वीस वाक्यं, आणि त्यातली पंधरा झाडांशी. कारण त्याचं काम तसं आहे. संत्र्याचं बी पेरून बाग लावत नाहीत. आधी जंबेरी पेरायची. जंबेरी म्हणजे लिंबाच्या नात्यातलं झाड, काट्यांनी भरलेलं, फळ दात आंबवणारं, पण मुळांना दणकट. ते पेन्सिलीएवढं जाड झालं की हिवाळ्यात त्याच्या सालीला जमिनीपासून वीत-सव्वा वीत उंचीवर एक उभी आणि एक आडवी चीर द्यायची. चांगल्या संत्र्याच्या काडीवरून एक कोंब सालीसकट अलगद सोलून त्या चिरेत बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची. खालच्या जंबेरीला म्हणायचं खुंट, वर बसवलेल्या कोंबाला डोळा. डोळा खुंटाला धरला की खालून मूळ जंबेरीचं आणि वरून फळ संत्र्याचं. याला आमच्याकडे डोळे भरणं म्हणतात.

हे काम येणारे पुष्कळ आहेत. पण पुनाजीनं भरलेल्या शंभर डोळ्यांतले पंचाण्णव धरायचे, आणि उरलेल्या पाचांची त्याला रुखरुख लागायची. टोंगळ्यावर, म्हणजे गुडघ्यावर बसून, ओळीतून सरकत सरकत तो दिवसभर काम करी. त्याच्या हातातला चाकू त्याच्या मामानं दिलेला. मामा वरूडकडच्या नर्सरीत डोळे भरायचा, त्यानं पुनाजीला हे काम शिकवलं, आणि नजर गेली तेव्हा चाकू दिला. चिंचेच्या लाकडाची मूठ, तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली, आणि पातं घासून घासून विड्याच्या पानाच्या देठाएवढं उरलेलं. जिजा त्या चाकूनं कांदाही चिरत नसे. चिरला असता तर त्या दिवशीचं भांडण मला बहुधा मराठीत ऐकायला मिळालं असतं.

आता सदाशिवराव. पुनाजी काम करतो त्या तळेगावच्या नर्सरीचे ते मालक आणि संत्र्याचे व्यापारी. माणूस मनानं मोकळा, खिशानं बरा, आणि आवाजानं थेट हायवेपर्यंत पोचणारा. नर्सरीतली त्यांची जागा म्हणजे कडुनिंबाखालची खुर्ची. कलमांचं त्यांना सगळं कळतं असं ते सांगत, आणि ते आम्ही ऐकून घेत असू. का ऐकून घेत असू, ते त्यांच्या परसातल्या झाडावरून समजेल. घर बांधलं तेव्हा पुनाजीनं त्यांना परसात लावायला स्वतःच्या हातचं एक कलम दिलं होतं. उन्हाळ्यात त्याचा डोळा वाळला, आणि खालच्या खुंटातून फुटवा जोरात वर आला. सदाशिवरावांनी त्याला कुंपण केलं, शेणखत घातलं, पाच वर्षं बादलीनं पाणी पाजलं. बोटबोटभर काटे आले तेव्हा म्हणाले, "जात कडक हाये." सगळं तळेगाव ते काटे बघून जाई, पण एकानंही सांगितलं नाही. सहाव्या वर्षी फळ धरलं. पहिलं फळ त्यांनी घरातल्या देवापुढं ठेवलं, दुसरं स्वतः सोलून तोंडात टाकलं, आणि त्यांचं तोंड झालं ते पुढचे चार दिवस तसंच होतं. ती जंबेरी अजून परसात आहे. लोणच्यासाठी मी दरवर्षी मागून आणते. "वैनी, मुद्दामच लावली म्या," असं तेही दरवर्षी म्हणतात.

तर त्या डिसेंबरात सदाशिवरावांनी नागपूरहून पत्र्याचा एक साचा कापून आणला. पेटीवर साचा ठेवायचा, निळ्या शाईचा बोळा फिरवायचा, की सहा इंग्रजी अक्षरं उमटतात. ऑरेंज. आधी पेट्यांवर नुसतं त्यांचं आडनाव असायचं, आता इंग्रजी आलं. मी त्या दिवशी नर्सरीत पेट्यांत घालायचं तणस मागायला गेले होते. खरं सांगायचं तर तिथं चहा चांगला मिळतो.

सदाशिवरावांनी छापलेली पेटी उचलून पुनाजीपुढं धरली. "वाच बरं."

"ऑरेंज," पुनाजी मान वर न करता म्हणाला.

"अबे! तुले इंग्रजी वाचता येते?"

"वाचता नाई येत. पन आत संत्रा हाये, तं वर वांगं काऊन लिहान तुमी?"

मी तोंडातला चहा कसाबसा आत ठेवला. सदाशिवरावांना ते लागलं. म्हणाले, "तुले झाड समजते पुनाजी, नाव नाई समजत. ऑरेंज हे साहेबाचं नाव. साहेबानं ठेवलं. आपन संत्रा-संत्रा करत राह्यलो, अन् तो ऑरेंज म्हनून जगभर खाऊन राह्यला."

पुनाजीनं पट्टी बांधून पुरी केली. मग विचारलं, "साहेबाच्या देशात हे झाड हाये का जी?"

"तिथं बरफ पडते. झाड कुठून राहीन?"

"मंग झाड नाई, तं नाव कुठून उगवलं?"

पुनाजीची त्या दिवसाची वीस वाक्यं कधीच संपली होती, पण तो थांबेना. "आपल्या कलमा बैतूलकडं जाते. तिकडचे लोक काय बारसं करते का त्याहीचं? आपन जे नाव सांगतो तेच घेऊन जाते. कलमेसंगं नाव जाते मालक. साहेबानं फळ खाल्लं तं नाव बी इकडूनच घेतलं असन."

"म्हंजे ऑरेंज बी आपलंच?"

"ऑरेंज बी अन् संत्रा बी. दोन्ही नावं इकडचीच."

"लाव पैज!"

"लावली."

"काय देशीन?" असं विचारून सदाशिवरावांनी थेट चाकूकडं पाहिलं. त्या चाकूवर त्यांचा कित्येक वर्षं डोळा होता. त्यांची पक्की समजूत होती की बरकत त्या पात्यात आहे, मामानं त्यात काहीतरी मंतरून ठेवलं आहे, आणि तो हाती आला की शेंबड्या पोरानं भरलेले डोळेसुद्धा धरतील. पुनाजीनं चाकू पंच्याला पुसला. मला वाटलं आता हसून सोडून देईल.

"चाकू," तो म्हणाला. "अन् तुमी हारले तं पाटीवर माहं नाव लिहा."

नर्सरीच्या फाटकावर पाटी होती, 'येथे खात्रीची संत्रा कलमे मिळतील', आणि खाली सदाशिवरावांचं नाव ठळक.

"खात्री कोनाच्या हातची, तेवढं लिहा," पुनाजी म्हणाला. "बाकी राहू द्या."

आता निवाडा कोण करणार? माझी मोठी मावसबहीण अनुसयाताई वर्ध्याला, सिंदी मेघ्यात राहते. तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवून नुकतीच निवृत्त झालेली, आणि शिकवायला कुणी सापडत नाही म्हणून कासावीस. तिच्याकडे असे कोश आहेत की शब्दाचा अर्थ तर सांगतातच, वर तो कुठल्या गावाहून आला तेही सांगतात. मी तिचं नाव सुचवलं. भाडं दोघांनी मिळून माझं काढलं.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं आर्वीमार्गे वर्ध्याला निघालो. सदाशिवरावांनी मांडीवर संत्र्यांची थैली घेतली होती.

"परीक्षकाले लाच काय भाऊ?" मी विचारलं.

"नमुना हाये वैनी, नमुना. पुरावा पाह्यल्याबिगर निकाल कसा देतीन त्या?"

जिजाला यातलं काही ठाऊक नव्हतं. पुनाजीनं तिला सांगितलं होतं की मालकासोबत वर्ध्याला कामाला चाललो. ते खोटंही नव्हतं.

अनुसयाताईनं आधी पोहे खाऊ घातले, मग पोळपाटाएवढा कोश काढून पलंगावर उघडला. एका हातानं पान उलटत, दुसऱ्या हातानं पुरावा सोलत तिनं वाचायला सुरुवात केली. मी तिचं सांगणं थोडक्यात सांगते, कारण तिनं ते दीड तास सांगितलं.

ऑरेंज हा शब्द इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेतला. फ्रेंच, इटलीवाले, स्पेनवाले या सगळ्यांकडे तो अरबांकडून गेला. अरब त्याला नारंज म्हणत. अरबांनी तो इराणातून घेतला, तिथं तो नारंग. आणि इराणात तो गेला तो इकडून, संस्कृतातल्या नारंगावरून. "आपण नारंगी रंग म्हणतो ना, तोच हा," अनुसयाताई म्हणाली. "आणि गंमत बघा, इंग्रजांकडे त्या रंगाला आधी धड नावच नव्हतं. पिवळा-लाल म्हणत. फळ आलं, फळाचं नाव आलं, मग ते नाव रंगाला लावलं."

सदाशिवरावांनी हरकत घेतली. "पन ताई, नारंगमधी सुरुवातीलेच न हाये. ऑरेंजमधी कुठं हाये?"

"वाटेत गेला. तिकडच्या भाषांत 'एक' म्हणायला जो शब्द आहे, त्याच्या शेवटीही न येतो. एक नारंज, एक नारंज असं म्हणता म्हणता दोन न एकमेकांत मिसळले आणि फळाचा न सुटला. स्पेनवाल्यांनी मात्र तो अजून धरून ठेवलाय."

मला वाटलं हे पुनाजीच्या डोक्यावरून गेलं असणार. पण तो पुढं सरकून बसला होता. "बरोबर हाये बाई," तो म्हणाला. "डोळ्याची काडी दूरगावी न्याची असली का पानं छाटाच लागते. पानासकट नेली तं वाटेत सुकते. काडी जगली म्हंजे झालं."

अनुसयाताईनं चष्मा काढून त्याच्याकडं पाहिलं. तीस वर्षांत असा विद्यार्थी तिला मिळाला नव्हता, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. तेव्हापासून ती मला दर पत्रात विचारते, पुनाजी कसा आहे. मी कशी आहे ते विचारत नाही.

"हे बघा, इथं आणखी एक आहे," तिनं बोट ठेवलं. "संस्कृतातसुद्धा हा शब्द मुळात द्रविड भाषांमधून आला असावा, असं अभ्यासक म्हणतात. तमिळ, तेलुगू, कानडी यांचं जे कूळ आहे, त्यातून." मग तिनं विचारलं, "पुनाजी, तुम्ही घरी काय बोलता?"

"गोंडी बोलतो जी."

"गोंडीसुद्धा त्याच कुळातली."

सदाशिवरावांच्या हातातली पोह्यांची बशी तिरपी झाली. मी मनातल्या मनात चक्कीवरच्या गिऱ्हाइकांची रांग लावून ठेवली, कुणाला आधी सांगायचं आणि कुणाला मीठ लावून.

"तं काय म्हनते रे तुमच्या गोंडीत संत्र्याले?" सदाशिवरावांनी शेवटचा फासा टाकला.

पुनाजीनं डोळे मिटून आठवून पाहिलं. खोटं बोलला असता तर कोण तपासणार होतं? "संत्राच म्हनतो जी," तो म्हणाला. "मायच्या तोंडून दुसरं कधी ऐकलं नाई."

आणि तिथंच गाडी अडली. कारण पैज दोन नावांची होती. अनुसयाताईनं दुसरा, जुना कोश काढला, आणि त्यात संत्र्यापुढं परदेशाचं नाव निघालं. पोर्तुगालात सिंत्रा नावाचं गाव आहे. तिकडची गोड जात पोर्तुगीजांबरोबर आली आणि सिंत्र्याचं संत्रा झालं, असं पुष्कळ जाणकार सांगतात. म्हणजे साहेब ज्याला ऑरेंज म्हणतो ते नाव आपल्याकडचं, आणि आपण ज्याला आपलं म्हणून कवटाळून बसलो ते बाहेरचं.

सदाशिवराव टुणकन उठले. "हारला!"

"अर्धा हरला," अनुसयाताई म्हणाली. "अर्धे तुम्ही हरलात. दोन नावं होती, एकेक दोघांच्या पदरात पडलं. पैज मोडली म्हणा, नाहीतर दोघांनीही आपापलं द्या."

पैज मोडा, असं मी डोळ्यांनी पुनाजीला खुणावत होते. पण त्याचं डोकं नाकाच्या सरळ रेषेत चालतं. "दोन्ही म्हनलो होतो म्या," तो म्हणाला. "दोन्ही नाई निघाली."

चाकू सदाशिवरावांनी आर्वीच्या स्टँडवरच मागून घेतला. पुनाजीनं तो कमरेच्या कापडातून काढला, पात्यावर एकदा अंगठा फिरवला, रुमालात गुंडाळला आणि मूठ त्यांच्याकडे करून दिला. मग तळेगाव येईपर्यंत तो उजवा हात डाव्या काखेत धरून बसला, थंडी वाजल्यासारखा. पाटीचं काय, असं मी विचारलं तर सदाशिवराव म्हणाले, "लिहू ना. पेंटर गावाले गेलता. येऊ द्या." त्या दिवशी मी पहिल्यांदा गप्प बसून प्रवास केला.

घरी गेल्यावर भांडण झालं ते दोन तास. चक्की बंद ठेवून मी सगळं ऐकलं, आणि तीन शब्द कळले: चाकू, सदाशिवराव आणि ऑरेंज. जिजाच्या तोंडून ऑरेंज असा काही निघाला, की तो शब्द मूळचा कुठला आहे याची मला शंकाच उरली नाही.

पण भांडण संपलं आणि जिजा तडक सायकलच्या दुकानात गेली. तिथून लोखंड कापायच्या आरीचं तुटकं पातं घेऊन आली आणि माझ्या दारात बसली. "वैनी, तुमच्या चक्कीच्या जुन्या दगडावर घासू का?"

"घास. पन त्याले जमन का?"

"जमाच लागते," ती म्हणाली. "दुसरं काय येते त्याले?"

तेच खरं होतं. डोळे भरायचे ते दीड-दोन महिनेच. हा हंगाम बिघडला की पुढच्या वर्षी लोक दुसऱ्याला बोलावणार, आणि पुनाजीला दुसरं काही येत नव्हतं. दोन दिवस घासून जिजानं पातं केलं, निंबाच्या काडीत ठोकलं, वर सुतळी गुंडाळली. पुनाजीनं ते हातात धरून उलटसुलट फिरवून पाहिलं. "मामा म्हने," तो मला म्हणाला, "चाकू बदलला का हात नवा होते. आता माहा हात मलेच वळखू येऊन नाई राह्यला."

रोज चारशे डोळे भरणारा माणूस पहिल्या दिवशी साठ करून उठला. दुसऱ्या दिवशी शंभर. गावात लोक विचारू लागले, या वर्षी कलमा कुठून घ्यायच्या. मी सगळ्यांना सांगितलं, थांबा. गप्पा मारताना मी काहीही सांगते, पण हे मी मनापासून सांगितलं.

इकडे सदाशिवरावांनी चाकू देवघरात ठेवून हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि खुर्ची सोडून स्वतः खाली बसले. त्यांनी पुनाजीच्या शेजारचा अख्खा वाफा स्वतःसाठी राखला. दीडशे डोळे त्यांनी सहा दिवसांत भरले. उठता-बसता "अग्गो मायवं" असा आवाज हायवेपर्यंत ऐकू येई.

आता इथं एक बारीक गोष्ट सांगायला हवी. डोळा बसवताना त्याच्यासोबत पानाचा छोटा देठ ठेवतात. वीस दिवसांनी तो देठ बोटानं हलवायचा. हात लावताच गळून पडला तर डोळा जिवंत, खुंटाला धरला. देठ सुकून चिकटून राहिला तर समजायचं डोळा मेला. जिवंत साल नको असलेला देठ टाकून देते, मेलेली साल टाकत नाही. नर्सरीतल्या बायांनाही हे ठाऊक असतं. खुर्चीला ठाऊक नसतं.

संक्रांतीच्या सकाळी सदाशिवराव माझ्या चक्कीवर आले ते तिळगुळासोबत पेढे घेऊन. "वैनी, दीडशेच्या दीडशे घट्ट! एक देठ हालून नाई राह्यला! अन् पुनाजीचे पाहा जाऊन, बोट लावलं का पटपट गळते. म्या म्हनलो नव्हतो, हात चाकूत हाये म्हनून?"

मी पेढा तोंडात टाकला. दुसरा मागून घेतला. मग चक्की बंद करून धावत नर्सरीत गेले.

पुनाजी ओळीच्या टोकाला टोंगळ्यावर बसला होता. एकेका रोपाजवळ जाई, देठाला बोट लावी. देठ गळून पडे. पुढं सरके. जिजा मागं उभी होती. प्रत्येक देठ पडला की तिची मान हले. मी पन्नासपर्यंत मोजलं आणि सोडून दिलं. पहिल्या दिवशीच्या साठातले बारा गेले होते. दुसऱ्या दिवशीचे नऊ. पुढं मेलेले शोधावे लागत होते. ओळ संपल्यावर पुनाजीनं आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरून पाहिला, दोन्ही बाजूंनी, जसा माणूस बाहेरगावाहून आलेल्या नातेवाइकाला पाहतो.

"पेढे वाटून राह्यले ते," मी म्हटलं. "सांगत काऊन नाई?"

"गोड खाऊन राह्यलं गाव," पुनाजी म्हणाला. "खाऊ द्या."

जिजाच्या हातातही एक पेढा होता. तिनं अर्धा मोडून त्याच्या तोंडात घातला आणि गोंडीत काहीतरी म्हणाली. पुनाजी मोठ्यानं हसला. काय म्हणाली, ते मला तिनं अजून सांगितलेलं नाही.

होळीच्या आत पुनाजीच्या ओळींतून हिरवेगार कोंब बाहेर आले. शेजारच्या वाफ्यात दीडशे घट्ट देठ तपकिरी होऊन तसेच घट्ट होते, आणि त्यांच्या खालून जंबेरीचे काटेरी फुटवे जोमात वर येत होते. सदाशिवराव दोन्ही वाफ्यांच्या मधल्या पाऊलवाटेवर बराच वेळ उभे राहिले. परसातल्या झाडानं त्यांना काटे ओळखायला शिकवलं होतं, त्यामुळं या वेळी सहा वर्षं लागली नाहीत. ते तसेच घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी पेंटर गावाहून परत आला.

पाटीचं सांगते. 'कलमे: पुनाजी उईके यांच्या हातची' ही ओळ तिच्यावर तेव्हा आली ती कायमची. आता दोन हजार सात साल आहे, पाटी तीनदा रंगली. तिसऱ्या वेळी सदाशिवरावांचं नाव खाली गेलं आणि पुनाजीचं वर आलं. पेंटरची चूक म्हणून सांगतात, पण त्या दिवशी पेंटरला चहा सदाशिवरावांनीच पाजला होता, मी पाहिलं. पुनाजीचे केस पांढरे झाले, तो अजून टोंगळ्यावर बसून ओळीतून सरकतो, आणि मामाचा चाकू जिजानं फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवला आहे. काम तो जिजाच्या आरीच्या पात्यानंच करतो. तिलाही तेच हवं असावं असं मी धरून चालते, कारण विचारायचं तर गोंडी यायला हवी.

तो चाकू परत आला तो त्या सत्त्याण्णवच्या होळीच्या आदल्या संध्याकाळी. सदाशिवराव पुनाजीच्या अंगणात आले होते. मी कुंपणाशी शेण घ्यायला उभी होते, म्हणजे शेण आधीच घेतलं होतं, पण उभी होते. त्यांनी रुमालात गुंडाळलेला चाकू काढला आणि पुनाजीच्या पुढं धरला, मूठ त्याच्याकडं करून.

"घे बावा तुहा चाकू," ते म्हणाले. "काही नाई याच्यात."

पुनाजीनं चाकू घेतला, पात्यावर अंगठा फिरवला, आणि म्हणाला, "मालक, इंग्रज नाव घेऊन गेले, तुमी चाकू घेऊन गेले. झाड बी इथंच राह्यलं अन् हात बी इथंच राह्यला."